स्टॅकिंगला मराठीत काय म्हणाल? चवड, चळत, थप्पी की आणखी काही

प्रश्न छोटासाय पण आठ दिवस डोक्यात घोळतोय. देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे एम ३१ चा फोटो करतोय आणि त्यासाठी दोन रात्री घालवल्यात, पहिली वेल्ह्याच्या पुढे मित्राच्या शेतावर आणि दुसरी आमच्याच गच्चीवरून, सिंहगड रोडला. पहिल्या रात्री एकेक मिनिटाचे ६० फोटो मिळाले, दुसऱ्या रात्री साडेबाराला ढग आले आणि २० वरच दुकान बंद. आता हे ८० फोटो ताऱ्यावर तारा बसवून एकत्र करायचे, ज्याला आपण सगळे स्टॅकिंग म्हणतो. आईने विचारलं रात्रभर तो कॉम्प्युटर काय करतोय, म्हटलं स्टॅकिंग, ती म्हणाली मराठीत सांग. मी बोलून गेलो की फोटोंची चवड लावतोय. तर म्हणे, चवड पोळ्यांची लावतात, दहा पोळ्यांची चवड लावली तरी पोळ्या दहाच राहतात, तुझ्या तर ऐंशीचा एक होतोय ना?

उत्तरच नव्हतं हो माझ्याकडे. मग बसलो शब्द काढत. चळत नाण्यांची, थप्पी नोटांची नाहीतर विटांची, उतरंड मडक्यांची (आणि त्यात खालचं मोठं वरचं लहान, ते तर इथे अजिबातच नाही), गंजी कडब्याची, उडवी कोकणात भाताची, थर गोविंदांचे. रास म्हणावं तर लोक विचारणार मेष की वृषभ. एवढी श्रीमंती आहे आणि सगळ्यात अडचण तीच, वस्तू वेगवेगळ्याच राहतात. कोणाला सुचतंय का काही?

प्रतिसाद १

पुट कसा वाटतो? अभ्रक भस्म करताना पुन्हा पुन्हा पुट देतात, शतपुटी सहस्रपुटी म्हणतात ते. एकदा भट्टी लावून काम होत नाही, परत परत बसावं लागतं, तुमच्या रात्रींसारखंच. रंगाचीही पुटं चढवतात.

प्रतिसाद २

कशाला ओढाताण राव, स्टॅकिंगच म्हणा, टेबलाला मेज कोण म्हणतं आता. मला दुसरंच विचारायचंय, दोन रात्रींचं कसं केलंस? आधी प्रत्येक रात्रीचं वेगळं स्टॅक आणि मग त्या दोघांचं, की ८० एकदम?

धागाकर्ता

पुट सुंदर शब्द आहे पण पुट म्हटलं की वर थर चढत गेल्यासारखं वाटतं, रंगाच्या पुटाने तर खालचं झाकलंच जातं. इथे खालचंच वर यायचंय.

दुसऱ्याचं उत्तर, वेगळं वेगळं केलं. पहिल्या रात्रीचा एक फोटो, दुसऱ्या रात्रीचा एक, मग दोघांची निम्मी निम्मी सरासरी. आणि खरं सांगू का, फार काही फरक पडला नाही, उलट वेल्ह्याचा एकटा जास्त बरा दिसतोय. म्हटलं मॉनिटर खराब असेल.

प्रतिसाद ३

मॉनिटर नाही, गणित खराब आहे. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलंय. अ तुकडीत ६० मुलं, ब तुकडीत २०, दोन्ही तुकड्यांच्या सरासरीची परत सरासरी काढून ती शाळेची सरासरी म्हणून लिहिली तर आम्ही शून्य देतो. ब मधल्या एकेका मुलाला तुम्ही अ मधल्या मुलाच्या तिप्पट वजन दिलंत.

आता बघा गंमत. फोटो वाढवले की सिग्नल, म्हणजे दीर्घिकेचा खरा प्रकाश, फोटोंच्या संख्येइतका वाढतो पण नॉइज, म्हणजे दर फोटोत वेगळा येणारा दाणेदार कचरा, त्या संख्येच्या वर्गमुळाइतकाच, ८० फोटोंची बेरीज केली तर सिग्नल ८० पट आणि नॉइज जेमतेम ९ पट, म्हणून तर हा उपद्व्याप करायचा. सरासरी घेतलीत तर नॉइजचा वर्ग १ भागिले फोटोंची संख्या. अ चा १/६०, ब चा १/२०, बेरीज ४/६०, आणि निम्मी निम्मी सरासरी म्हणून भागिले ४. उत्तर येतं १/६०. म्हणजे नुसत्या अ तुकडीइतकंच! तुमचे गच्चीवरचे २० फोटो पाण्यात. आणि हे दोन्ही रात्री सारख्या धरून, सिंहगड रोडचं उजळ आकाश हिशोबात घेतलं तर ब चा एकेक फोटो जास्त खराब, मग एकत्र केलेला फोटो नुसत्या अ पेक्षाही वाईट यायला हवा. तुम्ही म्हणताय तसंच आलं की.

धागाकर्ता

सर, कपाळावर हात मारून घेतला. ८० एकदम घेतले असते तर १५ टक्के तरी फायदा झाला असता, सारखं आकाश धरून. झोप मोडली ती वेगळीच.

पण एकदम घेण्यात माझी वेगळी भीती होती, फ्लॅटची, म्हणजे धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडाचे जे कोरे फोटो घेतो त्यांची. पहिल्यांदा मी आळस करून वेल्ह्याचेच फ्लॅट गच्चीवरच्या फोटोंना लावले होते. मधे कॅमेरा काढून परत बसवलेला, थोडा फिरलेला, धूळ हललेली. सेन्सरवरच्या धुळीचा जो मेदूवड्यासारखा डाग पडतो ना, मधे भोक असलेला, तो जायच्या ऐवजी एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा, नाण्यावरच्या छापासारखा उठून आला. दीर्घिकेच्या बरोब्बर कडेला मेदूवडा. म्हणून रात्री वेगळ्या ठेवल्या.

प्रतिसाद २

अरे मग ग्रुप कशाला दिलेत. डीप स्काय स्टॅकर या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमधे खाली ग्रुपचे टॅब असतात, वेल्ह्याचे फोटो आणि वेल्ह्याचे फ्लॅट एका ग्रुपमधे, गच्चीचे दुसऱ्यात. डार्क, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे ठिपके काढायला झाकण लावून घेतलेले काळे फोटो, दोन्हीला चालणारे असतील तर मेन ग्रुपमधे टाक, ते सगळ्यांना लागतात. पण तुझा कॅमेरा कूलिंगवाला नाही, शेतावरची थंडी आणि गच्चीवरची सारखी नसणार, मी तरी डार्कही वेगळेच घेईन. मग ज्याचे त्याचे डाग ज्याच्या त्याच्या फ्लॅटने जातात आणि जुळणी मात्र ८० ची एकत्र होते. कोपरे तेवढे बघ, कॅमेरा फिरलाय म्हणजे काही कोपऱ्यात एकाच रात्रीचा माल असणार, तिथे रवा जास्त दिसेल. एम ३१ आकाशात पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मावतील एवढी लांब, टोकं तिथेच जातात.

प्रतिसाद ४

रवा शब्द आवडला, फोटो रवाळ येणं. तूप रवाळ छान, आकाश नाही. :)

शब्दांचंच चाललंय तर माझी भर. रात्री मोजायला आपल्याकडे तयार शब्द आहे की, त्रिरात्र, नवरात्र. रात्र ती पण नवरात्र ते. मल्टिसेशन वगैरे म्हणण्यापेक्षा देवयानीचं त्रिरात्र बसवलंय म्हणा.

धागाकर्ता

त्रिरात्र घेतला! काल ८० एकदम लावले, ग्रुप करून, आणि फरक आईलाही दिसला, चष्मा न लावता. तिने मग स्वतःच शब्द दिला. म्हणाली हे तर आटवणं झालं. लिटरभर दूध आटवून वाटीभर होतं, पाणी जातं आणि सत्व राहतं.

मला पटलंय. फोल्डरमधे पडलेल्या फायलींची ती चवड, आणि सॉफ्टवेअर करतं ते आटवणं. ८० फोटो आटवून एक केला, कोणालाही समजतं.

प्रतिसाद ३

चालेल. फक्त आटवण्याआधी एक पायरी आहे तिला शब्द हवा. फोटोतून सॅटेलाइट जातो, विमान जातं, त्याची रेघ सॉफ्टवेअर काढून टाकतं, सिग्मा क्लिपिंग. एकाच जागेच्या ८० किमती बघायच्या आणि जी एखादी फारच फटकून असेल ती वगळायची.

प्रतिसाद ४

पाखडणं! नाहीतर निवडणं, तांदळातले खडे निवडतात तसं.

धागाकर्ता

निवडणं जास्त बरोबर वाटतं, पाखडल्याने फोल उडतं, खडा तसाच राहतो. आणि खडा ओळखायला तांदूळ भरपूर लागतात हेही जुळतंय, वेगळ्या केलेल्या २० मधे एक रेघ पुसट राहून गेली होती, ८० मधे साफ गेली.

आता पुढच्या अमावास्येला तिसरी रात्र, परत वेल्ह्याला. फ्लॅटसाठी दुर्बिणीच्या तोंडावर ताणायला पांढरा बनियन वेगळा धुऊन ठेवलाय, यावेळी कॅमेरा काढायच्या आधी, तिथेच, पहाटे.