कोरोनात तुमच्या ताटातून पहिले काय गेलं? नागपूरकरांनो, लिहा

धागाकर्ती
कोरोनाचा विषय निघाला की सगळे बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर इथेच अडकतात. मला स्वयंपाकघराबद्दल विचारायचं आहे. हातावर पोट असलेल्या घरात २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू झाला आणि लगेच २५ पासून लॉकडाऊन लागला, त्यानंतर ताटातून पहिले काय गेलं, काय उरलं आणि गेलेलं परत आलं का? मोठ्या थिअऱ्या नको, घरात काय शिजलं तेवढं लिहा. शेजारपाजारचं लिहिलं तरी चालेल पण कोणाचं नाव नका टाकू.

वाठोड्याची
आई नंदनवनमध्ये धुणी-भांडी करायची. सगळ्यांनी एकाच दिवशी फोन करून सांगितलं की सध्या नको येऊ. काही घरांनी पगार दिला, बाकीच्यांनी फोन उचलणंच बंद केलं. भाताची कमी नव्हती, खोटं कशाला बोलू, कंट्रोलमध्ये नेहमीचं राशन आणि वरून माणशी ५ किलो तांदूळ फुकट मिळून राहिला होता. पण डाळ होती कार्डामागे महिन्याला १ किलो आणि आम्ही घरात सहा जण. आई मूठभर डाळीत गंजभर पाणी टाकायची, हळद जास्त, मग लसूण-मिरचीची फोडणी अशी द्यायची की वास गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. वास वरणाचा, वाटीत पिवळं पाणी. आई शेवटी जेवायची, भातावर तिखट-मीठ आणि थेंबभर तेल. मी म्हटलं वरण घे ना, तर म्हणे मले वरणाने आंबट ढेकर येते. वरणाने कोणाला ढेकर येते का हो? आत्ता रोजचं वरण घट्ट असते, पण तिची ती ढेकर काही गेली नाही, अजूनही शेवटचं वाटीभर आमच्याकडेच सरकवते.

ऑटोवाला भौ
आपलं केशरी कार्ड. म्हणजे गरीब पण नाही आणि श्रीमंत पण नाही, मधातला लटकलेला. शहरात वर्षाचं उत्पन्न ५९ हजाराच्या आत असलं तरच तेव्हा स्वस्त धान्य मिळायचं, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही, त्याच्यात ऑटोचा हप्ता तरी बसते का? शेजारी फुकट तांदूळ आणून राहिले आणि आपण त्यांच्या पिशव्याकडे पाहून राहिलो. मग मे-जूनमध्ये सरकारनं केशरीवाल्यांनाही दिलं, माणशी ३ किलो गहू ८ रुपयानं आणि २ किलो तांदूळ १२ रुपयानं. मिळालं तेव्हा बरं वाटलं, पण एप्रिल कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. आमच्याकडे पहिले दूध गेलं. अर्ध्या लिटरचं पाकीट लेकरांसाठी यायचं, मग ते फक्त चहापुरतं झालं, मग चहाच काळा झाला. हप्ता बँकेनं पुढे ढकलला, व्याज काही ढकललं नाही, ते नंतर दुधाच्याच पैशातून गेलं. शिवभोजन थाळी तेव्हा ५ रुपयाला होती, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. चांगली राहायची. पण पॅसेंजर नसताना ऑटो घेऊन तिथपर्यंत जायचं, वर पोलीस अडवणार, आणि पोहोचलो तर थाळ्या संपलेल्या.

अंगणवाडीताई
माझ्या वस्तीचं सांगते. केंद्र बंद झालं आणि लेकरांचा गरम ताजा आहार थांबला. त्याऐवजी आम्ही घरोघरी कोरडा शिधा दिला, गहू, हरभरे, डाळ, तिखट, हळद, मीठ असं. कागदावर ते बरोबरच होतं. पण केंद्रात लेकरू माझ्या डोळ्यासमोर जेवायचं, आता पाकीट एका लेकराच्या नावाचं आणि खाणारं अख्खं घर, आणि त्यात त्या माउलीची चूक नाही, मोठी मुलगी बाजूला बसली असताना धाकट्याची डाळ वेगळी शिजवणारी आई मी तरी पाहिली नाही. शाळेच्या पोषण आहाराचं तेच झालं, तांदूळ आणि डाळ घरी गेली आणि घरच्या डब्यात मिसळली. वजन घेणं कित्येक महिने बंद होतं. सुरू झालं तेव्हा एक लेकरू आणलं, गाल गुबगुबीत, आजी म्हणे पाहा कसं धष्टपुष्ट आहे. दंडाला पट्टी लावली तर पिवळ्यावर. (दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये पिवळं, म्हणजे मध्यम.) दिवसभर नुसता भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. आणि आधी तरी कुठे सगळं छान होतं? लॉकडाऊन लागायच्या आधीच जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं, एनएफएचएस-५, त्यात महाराष्ट्रातली ६८.९ टक्के लेकरं आणि ५४.२ टक्के बाया रक्त कमी असलेल्या निघाल्या होत्या. कोरोना त्याच्यावर येऊन बसला.

इतवारीकर
कडू वाटेल पण लिहितो. तेव्हा इतकं वाटप झालं की लोकांनी कंट्रोलचा तांदूळ विकला, आमच्या डोळ्यासमोर. उपाशी माणूस तांदूळ विकते का?

वाठोड्याची
विकते. आम्हीच विकला. तांदळात भाजी शिजते का, त्याला तेल लागते, तिखट लागते. आणि भावाची ऑनलाइन शाळा होती, मोबाइलचा रिचार्ज कंट्रोलमध्ये मिळत नाही दादा.

गोळीबार चौक किराणा
ताईचं बरोबर आहे. माझं दुकान विणकर वस्तीत आहे, गिऱ्हाईक कसं बदललं ते मी गल्ल्यावरून पाहिलं. आधी किलोभर तूरडाळ नेणारा पावकिलो न्यायला लागला, मग "दहाची द्या" म्हणायला लागला. २०२१ मध्ये सोयाबीन तेल दीडशेच्या वर गेलं तेव्हा बाया औषधाची रिकामी शिशी घेऊन यायच्या, तेवढ्यात बसेल तेवढं. फल्ली (शेंगदाणा) तेलाचं तर नावच नको. पण पाच रुपयाच्या बिस्किट पुड्याची आणि कुरकुरीत पाकिटाची विक्री एक दिवस कमी झाली नाही. लेकरू रडलं की पाच रुपयात गप्प होते, पाच रुपयात अंडं येत नव्हतं. अंड्याचीही गंमतच, लॉकडाऊनच्या आधी कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली, चिकन मातीमोल झालं तर कोणी खाईना, आणि भीती गेली तोवर भाव चढला होता आणि लोकांच्या खिशात पैसे नव्हते. म्हणजे स्वस्त होतं तेव्हा नाही खाल्लं आणि पाहिजे तेव्हा मिळालं नाही. उधारीची वही अजून आहे, त्यातली काही पानं मी फाडून टाकली, जाऊ द्या.

सतरंजीपुरा
आमचा भाग सील होता, टिनाचे पत्रे लावून. जवळचे कित्येक जण क्वारंटाइनला नेले. आलू-कांदे, आलू-कांदे आणि आलू-कांदे. तिकडे कॉटन मार्केट बंद करून भाजी मैदानांवर बसवली होती म्हणे, आमच्यापर्यंत पालकाची एक जुडी नाही पोहोचली. गावचा मामा फोनवर सांगे की वावरात वांगी सडून राहिली, तोडायची मजुरी निघत नाही.

मेडिकलच्या मागे
आमचं दुसऱ्या लाटेतलं, एप्रिल २०२१. बाबा ॲडमिट. घरी आणले तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, अंडी, दूध, फळं, नारळपाणी. नारळाचे भाव तेव्हा ज्यांनी घेतले त्यांना आठवत असतील. आईचे डोरले आधीच गहाण पडले होते. घरात जेवढं प्रोटीन येई ते सगळं बाबांच्या ताटात जाई, आम्ही दोघी बहिणी मोठ्या होतो, समजत होतं, पण पुतण्या चार वर्षाचा, तो बाबांच्या खाटेजवळ जाऊन उभा राहायचा, काही मागायचा नाही, नुसता अंड्याकडे पाहायचा. बाबा अर्धं त्याला द्यायचे आणि आई रागवायची, आणि दोघंही बरोबर होते.
मग स्टेरॉइडनं बाबांची शुगर वाढली ती वाढलीच. आता सांगतात भात कमी करा, डाळ-भाजी वाढवा. आम्ही भात खाणारे लोक, घरात जे पुरेसं आहे ते नेमकं तेच, तो कमी केला तर त्याच्या जागी ठेवू काय? डायट चार्ट दिला आहे, फ्रीजवर चिकटवला आहे. त्यात सफरचंद आहे, पनीर आहे. छापणाऱ्यानं आमचं कार्ड पाहिलं नसेल.

कुहीवाला
शहरापेक्षा गावात थोडं बरं होतं हे मान्य करावं लागेल. लाखोळीची डाळ घरची होती, पाऊस पडला की बांधावर तरोटा, घोळची भाजी, फुकट. आमच्या मायनं तरोटा एवढा खाऊ घातला की लहान भाऊ म्हणे आता मी बैलासारखा हंबरीन. नागपुरातून परत आलेले चुलत भाऊ आधी नाक मुरडायचे, नंतर तेच टोपलं घेऊन पहिले निघायचे.

धागाकर्ती
वाचते आहे सगळं. इतवारीकर, तुम्ही विचारलंत ते बरं केलं, नाहीतर तांदूळ विकण्याचं कोणी लिहिलंच नसतं. ऑटोवाले भौ, कार्ड बदललं का मग?

इतवारीकर
वाठोड्याच्या ताई, असं पाहिलं नव्हतं मी.

ऑटोवाला भौ
कुठलं बदलते ताई. उत्पन्नाचा दाखला आणा म्हणतात. गेलो तर साहेब म्हणे ऑटो तुमच्या नावावर आहे, ५९ हजाराच्या आत कसं लिहून देऊ. मी म्हटलं ऑटो फायनान्सवाल्याच्या नावावर आहे साहेब, माझ्या नावावर फक्त हप्ता आहे. हसला, पण दाखला नाही दिला. दूध सुरू झालं मात्र, अर्धा लिटर, लेकरांपुरतं. आमचा दोघांचा चहा अजून काळाच, आता तोच आवडते.