विमानात मोजलेला मिथेन खालच्याच गोठलेल्या जमिनीतून आला, हे कशावरून ठरवतात?

अंबाजोगाईचा शिक्षक:

नमस्कार. अंबाजोगाईजवळच्या एका गावात मी नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात अलास्का, कॅनडा आणि सायबेरियातील पर्माफ्रॉस्टचा विषय निघाला. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाखाली राहिलेली ही जमीन असून तिच्यात सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन अडकलेला आहे, म्हणजे आज हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि ती वितळू लागल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात, येथपर्यंत मी नीट सांगू शकलो. हे वायू विमानातूनही मोजतात असे सांगितल्यावर मात्र एका मुलीने हात वर केला. २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून उडणारी विमाने तिने वडिलांकडून ऐकली होती. तिचा प्रश्न असा होता : "सर, वर तर वारा सतत वाहत असतो. मग विमानाला सापडलेला वायू त्याच जमिनीचा आहे, शेजारच्या देशाचा नाही, हे कसे कळते?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया, मुलांना सांगता येईल अशा भाषेत समजावून द्यावे.

गोदाकाठ, नांदेड:

सर, विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याचे दोन भाग करावे लागतात : हवेत वायू किती आहे, आणि तो कोठून आला. पहिल्या भागाबद्दल मी लिहितो, कारण माझे काम प्रयोगशाळेत वायूंचे पृथक्करण करण्याचे आहे.

विमानाच्या बाहेरची हवा नळीने आत ओढून एका लहानशा बंद पोकळीत सोडतात. पोकळीच्या टोकांना अत्यंत चांगले परावर्तन करणारे आरसे असतात आणि आत लेसरचा प्रकाश सोडून मध्येच बंद करतात. प्रकाश आरशांमध्ये हजारो वेळा मागे-पुढे जातो, त्यामुळे पोकळी वीतभर असली तरी त्याचा प्रवास काही किलोमीटरचा होतो. मिथेन विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, म्हणून मिथेन जितका जास्त, तितका तो प्रकाश लवकर विझतो. हा विझण्याचा काळ मोजला की प्रमाण कळते. हवेत मिथेन फार थोडा आहे, दर अब्ज रेणूंमागे सुमारे १,९०० रेणू, आणि शोधायचा असतो तो यातील लहानसा चढउतार. म्हणून उड्डाणादरम्यान ज्ञात प्रमाणाच्या वायूची टाकी जोडून उपकरण पुन्हा पुन्हा तपासावे लागते. हवेतील बाष्पाचा हिशेबही वेगळा काढतात, नाहीतर दमट हवेत वायूचे प्रमाण आपोआप कमी दिसते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते नीट झाले नाही तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ उरत नाही.

मांजरा खोरे, लातूर:

मी शास्त्रज्ञ नाही, शेतकरी आहे. आमच्याकडे वीस वर्षांपासून गोबरगॅस आहे. पौष महिन्यात थंडी पडली की गॅस निम्म्यावर येतो आणि चैत्रात पुन्हा भरपूर होतो, कारण जंतूंना ऊब लागते. शेणाच्या उघड्या उकिरड्यातून मात्र जाळण्याजोगा गॅस मिळत नाही, कारण तिथे हवा लागते. तिकडच्या जमिनीतही हेच घडत असावे असे मला वाटते. माझे काही चुकत असेल तर सांगावे.

गोदाकाठ, नांदेड:

आपले निरीक्षण बरोबर आहे. वितळलेली जमीन कोरडी राहिली तर त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि पाणी साचून हवा बंद झाली तर मिथेन तयार होतो. पर्माफ्रॉस्ट वितळल्यावर जमीन खचते, खड्ड्यांत तळी होतात, म्हणून तेथे दोन्ही वायू मोजावे लागतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तरी मिथेनची उष्णता अडवण्याची क्षमता वजनावारी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे.

परभणीकर:

आता दुसऱ्या भागाकडे येतो. मी हवामानशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे थंडीतल्या पहाटे गावावर चुलींचा धूर पत्र्यांच्या उंचीवर आडवा पसरून राहतो आणि दहा-अकरा वाजता ऊन तापले की वर उठून विरून जातो, हे सर्वांनी पाहिले असेल. जमिनीलगतचा हवेचा जो थर असा एकजीव ढवळला जातो, त्याची जाडी दिवसा सर्वसाधारणपणे काहीशे मीटर ते दोनेक किलोमीटर असते. जमिनीतून निघालेला वायू प्रथम याच थरात मिसळतो. म्हणून विमान घिरट्या घेत खालून वर चढवतात आणि थराच्या आतील हवा व त्यावरची स्वच्छ हवा यांतील फरक पाहतात. दूरवरून आलेला वायू सहसा दोन्हीकडे थोडाफार सारखाच सापडतो, तर स्थानिक वायूचा फुगवटा खालच्याच थरात दिसतो. विद्यार्थिनीच्या शंकेचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर याहून सूक्ष्म आहे. विमानाच्या नाकापुढे एक लांब दांडी असते, तिच्या टोकाला बारीक छिद्रे असतात, आणि त्या छिद्रांवरील दाबाच्या फरकातून वाऱ्याचा वर-खाली जाणारा वेग सेकंदाला अनेक वेळा मोजला जातो. त्यातून विमानाची स्वतःची हालचाल वजा करावी लागते. खाली वायू निघत असेल तर वर जाणाऱ्या झोतात मिथेन किंचित जास्त आणि खाली येणाऱ्या झोतात किंचित कमी आढळतो. हा फरक लांब अंतरावर साठवत गेले की जमिनीच्या दर चौरस मीटरमधून किती वायू निघतो हे मिळते. त्यासाठी फार खाली उडावे लागते. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या 'पोलार ५' विमानाने कॅनडातील मॅकेंझी नदीच्या त्रिभुज प्रदेशावर २०१२ आणि २०१३ मध्ये जमिनीपासून शंभर मीटरच्याही खाली उड्डाणे केली. तेथे सुमारे एक टक्का क्षेत्रातून वर्षाच्या मिथेनपैकी १७ टक्के निघत असल्याचा अंदाज निघाला, आणि तो मिथेन प्रामुख्याने खोल भूगर्भातील वायू असून, जेथे पर्माफ्रॉस्ट पातळ किंवा तुटक आहे तेथून वर येतो. जमिनीवर चार ठिकाणी वायू गोळा करणारे डबे ठेवून ही गोष्ट कधीच सापडली नसती, असे मला ठामपणे वाटते.

एक दुरुस्ती मात्र वर्गात आवर्जून सांगावी. विमान जे मोजते ते बहुधा थेट त्याच्या खालच्या जमिनीचे नसते, तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या पट्ट्याचे असते. खळ्यावर उपणताना भूस ढिगापासून लांब जाऊन पडते, आणि वारा ठाऊक असेल तर पडलेल्या भुशावरून उपणणारा कोठे उभा होता हे सांगता येते. नेमका हाच हिशेब वाऱ्याच्या नोंदींवरून संगणकावर उलटा मांडला जातो.

पैठणवासी:

यात एक भर घालतो. हवा आत न ओढताही मोजता येते. जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशातून मिथेनने शोषलेला भाग ओळखणारा 'अॅविरिस-एनजी' नावाचा कॅमेरा नासाने २०१७ मध्ये अलास्का व वायव्य कॅनडावर नेला. सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरमध्ये वीस लाखांच्या आसपास मिथेनच्या दाट जागा दिसल्या, आणि त्यांतील बहुतेक पाण्याच्या काठापासून ४० मीटरच्या आत होत्या. त्याआधी, २०१५-१६ च्या हिवाळ्यात, हा कॅमेरा इस्रोच्या विमानातून भारतावरही उडाला होता. मुलांना ही गोष्ट नक्की सांगावी, तिकडचे संशोधन त्यांना परके वाटणार नाही.

अंबाजोगाईचा शिक्षक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चुलीच्या धुराचे उदाहरण काल वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही बोलू लागली. त्याच मुलीने पुढचे विचारले : हिवाळ्यात तिकडे सूर्य उगवत नाही, मग तेव्हाचे कोण मोजते?

परभणीकर:

तिला माझ्या वतीने शाबासकी द्यावी. सूर्यप्रकाशावर चालणारा कॅमेरा तेव्हा खरोखरच निरुपयोगी ठरतो. हवा आत ओढणारी उपकरणे अंधारातही चालतात, परंतु तेव्हाच्या हवामानात खाली उडणे धोक्याचे असल्याने बहुतेक उड्डाणे उन्हाळ्यातच होतात. नासाच्या 'कार्व्ह' मोहिमेने २०१२ ते २०१५ या काळात अलास्कात वसंतापासून शरदापर्यंत उड्डाणे केली, आणि ती मोजणी अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो (आताचे उत्कियागविक) येथील हवा मोजणाऱ्या मनोऱ्याच्या दीर्घ नोंदींशी जोडली गेली. १९७५ पासून तेथील टुंड्रामधून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे ७३ टक्क्यांनी वाढला असल्याचे त्यातून दिसले. वर बर्फ पडल्यावरही मातीचा खालचा थर आठवडेच्या आठवडे गोठत नाही आणि जंतूंचे काम चालूच राहते. लातूरच्या काकांच्या गोबरगॅसचेच उदाहरण तिला द्यावे : पौषात तो निम्म्यावर येतो, बंद पडत नाही.