मदत हवी आहे: युकुलेलेचे कॉर्ड चार्ट कुठे मिळतील आणि नीट छापायचे कसे?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याच्या जवळ राहते. भाची मे महिन्यात युकुलेले (गिटारसारखं, पण चार तारांचं छोटं वाद्य) घेऊन आली आणि जाताना इथेच ठेवून गेली. सी, एफ आणि ए मायनर हे कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे गट, तिने शिकवलेत, तेवढे बरे वाजतात. जी हा कॉर्ड लावताना बोटं एकमेकांत अडकतात, पण ते होईल सवयीने. गणपतीत घरच्या आरत्यांना साथ करावी आणि एरवी पाच-दहा जुनी गाणी म्हणता यावीत, एवढीच इच्छा आहे.

मला चार्ट कागदावरच हवेत. घरात रेंज येत नाही, ती मिळते खळ्यात तुळशीपाशी उभं राहिलं तर. शिवाय एक कडवं होईस्तोवर मोबाईलचा स्क्रीन मालवतो आणि दोन्ही हात वाद्यावर असताना तो पेटवायचा कोणी?

आता अडचणी. शोधलं की सगळे सहा तारांचे गिटारचे चार्ट येतात. युकुलेलेची म्हणून एक पीडीएफ मिळाली, तर तिच्यातलं सी चं चित्र भाचीने दाखवलं त्याहून अगदी निराळं. मराठी गाण्यांचे चार्ट जवळपास नाहीतच. एका गाण्याचे शब्द मी स्वतः टाइप करून वर कॉर्ड लिहिले आणि बाजारातून छापून आणले, तर कॉर्डची अक्षरं भलत्याच शब्दांवर सरकलेली आणि काही ओळींत मराठीच्या जागी नुसते चौकोन. आणि शेवटचं, आमच्या वाडीतले बुवा काळी एकमध्ये गातात. त्यांच्या पेटीबरोबर माझा सी लावला की शेजारचं कुत्रंसुद्धा उठून जातं.

कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. संगणक घरी आहे, प्रिंटर नाही.

तिसरी घंटा

ताई, आधी त्या परक्या सी चा उलगडा. युकुलेलेचे सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर हे तीन आकार सहसा एकाच पद्धतीने लावतात: जी, सी, ई, ए. चौथा बॅरिटोन. तो मोठा, आणि त्याच्या तारा डी, जी, बी, ई, म्हणजे गिटारच्या खालच्या चार. कोणतीही पीडीएफ उघडलीत की पहिल्यांदा सी चं चित्र बघायचं. ०००३ असेल तर तो चार्ट तुमचा. २०१० असेल तर बॅरिटोनचा, सोडून द्या. तोच २०१० तुमच्या वाद्यावर एफ वाजतो. आकडे डावीकडून जी, सी, ई, ए या क्रमाने वाचायचे. शून्य म्हणजे मोकळी तार, बाकीचा आकडा म्हणजे ती तार कितव्या पडद्यात (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या घरात) दाबायची ते.

गिटारचे चार्ट मात्र टाकून देऊ नका. फक्त बोटांची चित्रं सोडायची, नावं तीच ठेवायची. शब्दांवर एफ लिहिलाय ना, मग युकुलेलेचा एफ धरा, झालं. सी च्या पुढे तिरकी रेघ मारून जी लिहिलेला दिसला तर रेघेपुढचं अक्षर विसरा, तो खर्जातला स्वर आपल्या वाद्यात नाहीच. वर 'कॅपो २' (कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी वर नेणारा चिमटा) वगैरे लिहिलं असेल आणि एकट्याने वाजवायचं असेल तर तिकडेही दुर्लक्ष.

अल्टिमेट गिटारवर पुष्कळ गाण्यांना चित्रं युकुलेलेची करून घेता येतात आणि पट्टीही बदलता येते. निव्वळ युकुलेलेसाठी युकुटॅब्ज आहे. छापायला सोप्या पीडीएफ हव्या असतील तर डॉक्टर युक बघा, आणि कॅनडातल्या ऑटावाच्या बायटाउन युकुलेले ग्रुपची गाण्यांची पुस्तकं. अर्थात तिथलं बहुतेक सगळं इंग्रजी आहे. कॉर्डिफाय गाणं ऐकून आपोआप कॉर्ड काढतं, त्यामुळे मराठी गाणीही त्याला चालतात. पण तबला-ढोलकी जोरात असली की ते गोंधळतं. त्याचं उत्तर कच्चा खर्डा समजा आणि कानाने तपासा.

पायपेटी

काळी एकबद्दल मी सांगतो, भजनात पेटी धरतो.

पेटीवरची पांढरी एक म्हणजे तुमचा सी. काळी एक म्हणजे सी शार्प, अर्ध्या स्वराने वर. पहिल्या पडद्यावर कॅपो लावा आणि बोटं सी, एफ, जी चीच ठेवा. वाजेल काळी एक. बुवा काळी दोनला गेले तर कॅपो तिसऱ्या पडद्यावर. काळी चारला गेले तर कॅपो पहिल्यावरच, पण जी ची पट्टी धरून. कॅपो युकुलेलेचा वेगळा, लहान मिळतो, गिटारचा लावू नका, वाद्य एका बाजूला कलतं.

कॅपो मिळेपर्यंत चारही तारा अर्ध्या स्वराने वर चढवल्या तरी चालतं. घाबरू नका, सोप्रानो पूर्वी सर्रास पूर्ण एक स्वर वर, पांढरी दोनला लावत असत.

दुसरं. आरतीच्या वेळी ट्यूनरच्या ॲपवर लावू नका, पेटीवर लावा. जुन्या पेट्या थोड्या इकडेतिकडे असतात आणि पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही. तुमच्या चारही तारा मधल्या एकाच सप्तकात येतात: सी म्हणजे सा, ई म्हणजे ग, जी म्हणजे प, ए म्हणजे ध. वरून खाली वाचलं तर प, सा, ग, ध. गंमत अशी की पहिली तार जाड नसून उंच स्वराची आहे, नवख्याला तिथेच चकवा बसतो.

आणि एक स्पष्ट सांगतो, राग मानू नका. आपल्या सगळ्या भजनांना कॉर्ड बसत नाहीत. चालीत कोमल गंधार आला आणि तुम्ही साधा सी वाजवलात तर त्यातला शुद्ध ग टोचणारच. तिथे सी मायनर, ०३३३. शंका असेल तर ००३३ धरा: त्यात फक्त सा आणि प आहेत, गंधार नाहीच. तंबोऱ्यासारखं मागे चालू ठेवा, बहुतेक अभंगांना नडत नाही. मी तर म्हणेन आरतीला एवढंच वाजवा.

तिसरी घंटा

पायपेटी, ००३३ एकदम मान्य. पण आरतीला तेवढंच वाजवा हे नाही पटत. घरोघरी म्हणतात त्यातल्या बऱ्याच आरत्यांच्या चाली शुद्ध स्वरांच्या आहेत, सी-एफ-जी वर छान चालतात. बिचाऱ्यांनी एफ शिकलाय तो काय शोभेला?

पायपेटी

वाजवा की. फक्त झांजा सुरू झाल्या की कोणता कॉर्ड आहे ते गणपतीलाही कळणार नाही.

झेरॉक्स कम स्टेशनरी

माझं दुकान कुडाळ बाजूला आहे, छपाईचं मी बोलतो. ताईंसारखी गिऱ्हाइकं रोज येतात, कॉर्डची नाही, पण कवितांची आणि पत्रिकांची.

चौकोन येतात त्याचं कारण फॉन्ट. तुमच्या संगणकावर जो मराठी फॉन्ट आहे तो दुकानातल्या संगणकावर नसतो. वर्डची फाइल पेनड्राइव्हवर घालून कधीही आणू नका. घरीच पीडीएफ करा, म्हणजे फॉन्ट फाइलच्या पोटातच येतो आणि कुठेही तेच दिसतं. टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत हवं. मोबाईलवरून करायचं असेल तर क्रोममध्ये पान उघडून 'प्रिंट' निवडा आणि प्रिंटरच्या जागी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा'. त्याआधी काळं डार्क मोड बंद, नाहीतर अख्खं पान काळं निघतं आणि शाईचे पैसे तुम्हालाच.

कॉर्ड सरकतात त्याचं कारण स्पेसबार. इंग्रजी चार्ट समान रुंदीच्या अक्षरांत लिहिलेले असतात, कुरियर न्यू सारख्या. वरची ओळ आणि खालची ओळ मोजून जुळवलेली. ते दुसऱ्या फॉन्टमध्ये चिकटवलं की संपलं. मराठीत तर जोडाक्षरं आणि वेलांट्या, तिथे स्पेस मारून काही जुळणार नाही. त्यापेक्षा कॉर्ड ओळीतच चौकोनी कंसात घाला, ज्या अक्षरावर बदलायचा त्याच्या अगदी आधी. हे असं:

[सी] अंगणात आली [एफ] पावसाची [जी] सर
[सी] भिजलं गं कौलारू [जी] आजीचं [सी] घर

(ओळी माझ्याच, हसू नका.) कंसातलं अक्षर ठळक करा. फॉन्ट बदला, आकार बदला, कागद बदला, कॉर्ड शब्दाला चिकटूनच राहतो.

छापताना ए फोर, काळा-पांढरा, आणि 'पानात बसवा' हा पर्याय चालू, नाहीतर उजव्या कडेचा कॉर्ड कापला जातो. अक्षर १६ च्या खाली नको, कागद मांडीवर नसतो, समोर असतो.

रापण

ताई, कागद कितीय चांगलो असू दे, पावसात ओलो होताच. लॅमिनेशन करून घेवा, नायतर प्लास्टिकच्या पिशयेत घाला. आमच्या भजनाच्या वह्येची पाना श्रावणात पापडासारखी मऊ पडतत.

झेरॉक्स कम स्टेशनरी

रापण यांचं बरोबर. त्यात भर: इंकजेटची साधी शाई ओल्या बोटाने पसरते, लेझर किंवा झेरॉक्सची पसरत नाही, कारण ती पावडर उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. म्हणून लेझरवरच छापून घ्या. पण तेच पान स्वस्तातल्या मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवलंत तर काही दिवसांनी अक्षरं पाकिटाला चिकटून येतात. पॉलीप्रॉपिलीनचं पाकीट घ्या, जरा कडक आणि कमी चकचकीत असतं ते. लॅमिनेशन मला विकायला परवडतं, तरी सांगतो, ट्यूबलाइटखाली ते चमकतं आणि वर पेन्सिलने खूण करता येत नाही. शिकत असताना पेन्सिल लागतेच.

कोर्लईचा वाटसरू

थोडं अवांतर. हे वाद्य मुळात पोर्तुगीजांचं. मदेरा बेटावरचे मजूर १८७९ साली रेवन्सक्रॅग नावाच्या जहाजातून होनोलुलूला उतरले, त्यांच्याबरोबर मशेट नावाचं छोटं चार तारांचं वाद्य गेलं आणि त्यातून हवाईत युकुलेले घडलं. आमच्या कोर्लईत पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि गावात त्यांच्या भाषेतून आलेली बोली अजून बोलतात. वाद्य मात्र इथे सोडून गेले नाहीत, नाहीतर आज सागरगोटा ताईंना चार्ट शोधावा लागला नसता.

सागरगोटा

सगळ्यांचे मनापासून आभार. ती पीडीएफ बॅरिटोनचीच निघाली, सी खाली २०१० आहे. कंसातली युक्ती करून दोन आरत्या टाइप केल्या, पीडीएफ केली, मोबाईलवर उघडून बघितली, एकही चौकोन नाही. ००३३ वर सकाळपासून घरातले वैतागलेत.

आता एक नवं. मला हवं ते जुनं गाणं गिटारच्या चार्टमध्ये मिळालं, पण त्यात डी, जी, ए बरोबर बी मायनर आणि एफ शार्प मायनर आहेत. बी मायनर ४२२२, म्हणजे एका बोटाने तीन तारा दाबायच्या. माझं बोट ऐकत नाही. आणि प्रत्येक पानावर बोटांची चित्रं कशी काढायची? इंटरनेटवरून एकेक चित्र उचलून चिकटवताना पान वेडंवाकडं होतंय.

तिसरी घंटा

गाणं डी मध्ये आहे. सगळं एक स्वर खाली आणा: डी चा सी, जी चा एफ, ए चा जी, बी मायनरचा ए मायनर, एफ शार्प मायनरचा ई मायनर. पाचांपैकी तीन तुम्हाला येतातच. ई मायनर ०४३२, जिना उतरल्यासारखी बोटं पडतात. मूळ पट्टीतच गायचं असेल तर कॅपो दुसऱ्या पडद्यावर. ए, डी, ई ची गाणी असतील तर उलट वर चढवा: सी, एफ, जी. युकुलेलेचा ई ४४४२, तो नवख्याने टाळलेलाच बरा.

जी अडकतो म्हणालात. ०२३२ ला पहिलं बोट सी तारेवर, मधलं ए वर, अनामिका ई वर तिसऱ्या पडद्यात. तिन्ही एकदम टेकवायची, एकामागून एक नाही. तोवर जी सेव्हन ०२१२ वापरा, पुढे सी येणार असेल तर कानाला खटकत नाही.

चित्रं प्रत्येक पानावर नकोतच. एका वेगळ्या पानावर बाराएक कॉर्ड ठेवा, ते कायम शेजारी. माझ्या पानावर हे आहेत: सी ०००३, सी सेव्हन ०००१, डी २२२०, डी मायनर २२१०, ई मायनर ०४३२, एफ २०१०, जी ०२३२, जी सेव्हन ०२१२, जी मायनर ०२३१, ए २१००, ए मायनर २०००, बी फ्लॅट ३२११. गाण्याच्या पानावर शीर्षकाखाली एका ओळीत फक्त लागणाऱ्या कॉर्डचे आकडे लिहायचे. चित्रापेक्षा जागा कमी आणि टाइप करायला सोपं.

संगणकाची हौस असेल तर कॉर्डप्रो नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो हीच चौकोनी कंसांची पद्धत वाचतो (कॉर्डची नावं मात्र C, F अशी इंग्रजी अक्षरांत हवीत), कॉर्ड शब्दांच्या वर नेऊन बसवतो, युकुलेलेची चित्रं स्वतः काढतो आणि पट्टीही बदलून देतो. मराठीसाठी त्याला देवनागरी फॉन्ट नेमून द्यावा लागतो. सुरुवातीला मात्र त्याच्या नादी लागू नका, गणपती तोंडावर आलेत.

झेरॉक्स कम स्टेशनरी

चित्रंच हवी असतील तर कोऱ्या चौकटींचं एक पान करा: चार उभ्या रेघा, पाच आडव्या, वरची आडवी जाड. एका ए फोरवर वीस चौकटी आरामात बसतात. त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा आणि पेनाने ठिपके भरा. हाताने भरलेला कॉर्ड लक्षातही राहतो. टेबल करून केलंत तर रेघा सरळ येतील.

सागरगोटा

हे सगळ्यात आवडलं. टेबल करतेय. जी मायनर ०२३१ आत्ताच वाजवून बघितला, जी पेक्षा हाच सोपा जातोय, असं कसं?

पायपेटी

शेवटचं बोट एक पडदा मागे येतं, म्हणून तिरकं बसतं, दाटी होत नाही. पण आरतीत जी च्या जागी घालू नका हो.