स्थळाच्या बायोडेटाबरोबर डीएनए रिपोर्ट मागावा का?

रामबागचा मामा
भाचीचं ठरत आलेलं स्थळ गेल्या आठवड्यात मोडलं. पसंती झाली होती, फक्त याद्या व्हायच्या होत्या. मुलाकडच्यांनी थुंकीवरून करतात ती डीएनए चाचणी मागितली, तिनं सरळ मनानं करून दिली. रिपोर्टात एक ओळ : ‘मधुमेहाचा आनुवंशिक धोका सरासरीपेक्षा जास्त’. दुसऱ्या दिवशी नकार. पोरीची साखर आजवर कधी वाढलेली नाही. जनुक म्हणजे पत्रिकेतला मंगळ आहे का? माझं मत स्पष्ट आहे, असले रिपोर्ट लग्नाच्या बोलण्यांत येताच कामा नयेत.

स्पष्टवक्ती
मामा, भाचीसाठी वाईट वाटलं, पण पटलं नाही. माझ्या सासरी सासरे, दोन्ही दीर आणि नणंद, चौघांना मधुमेह. लग्नाआधी कुणी अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याला चौतिसाव्या वर्षी निघाला. खाण तशी माती उगाच म्हणत नाहीत. नाडी-गोत्र बघतोच ना आपण? त्यापेक्षा हा रिपोर्ट शंभरपट बरा. विचारणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

सांवेरचा शेतकरी
खाण-मातीचं म्हणता म्हणून लिहितो. आम्ही मालवी गहू घेतो, कठिया, म्हणजे माळव्याचा टणक दाण्याचा गहू. गव्हाचं परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे एका वाणाचं शुद्ध बी आतून जवळजवळ एकसारखं. तेच बी दोन वावरांत एकाच आठवड्यात पेरलं. एकीकडे दाणा काचेसारखा टणक, दुसरीकडे दाण्यांवर पांढुरके पिठूळ डाग. याला इकडे पोटिया म्हणतात. नत्र कमी पडलं की होतो, आणि मंडीत भाव पडतो. पण त्याच पोटिया दाण्यांचं बी पुढच्या साली नीट खत देऊन पेरा, दाणा पुन्हा चकचकीत.
डेन्मार्कच्या योहान्सननं १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवलं होतं. एकाच शुद्ध वंशातले जड दाणे पेरा की हलके, पुढच्या पिढीची सरासरी तीच येते. जीन, जीनोटाइप, फिनोटाइप हे शब्द १९०९ मध्ये त्यानंच रूढ केले. जीनोटाइप म्हणजे आत लिहिलेलं, फिनोटाइप म्हणजे डोळ्यांना दिसतं ते, आणि दोन्ही वेगळं.

स्पष्टवक्ती
दादा, मग त्याच वावरात लोकवन, म्हणजे दुसऱ्या वाणाचा गहू, पेरा आणि हवं तेवढं नत्र द्या. कठिया उगवेल का? शेवटी बी महत्त्वाचंच.

सांवेरचा शेतकरी
नाही उगवणार, हे खरं. पण मधुमेह होणारी आणि न होणारी माणसं ही दोन वेगळी वाणं नाहीत.

लॅबवाली ताई
एकोणीस वर्षं पॅथॉलॉजीत आहे, म्हणून राहवलं नाही. मामा, तुमचं ‘येताच कामा नयेत’ मला मान्य नाही. थॅलेसेमिया घ्या, रक्ताचा आनुवंशिक आजार. वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस, धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि गंभीर प्रकारात त्या बाळाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसी ही रक्ततपासणी लग्नाआधी व्हायलाच हवी. आपल्या झाबुआ-अलीराजपूरकडे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला सुरू झालं.
तरी सिकल सेलमध्येसुद्धा जनुकातली चूक तीच असलेल्या दोन रुग्णांपैकी एक वर्षात चारदा दवाखान्यात येतो, दुसरा शेतात राबतो. याचं एक मोठं कारण म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. ते जन्मानंतर कमी होतं. ज्याच्यात जास्त टिकतं त्याला त्रास कमी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध देऊन तेच वाढवतात. एका जनुकाच्या आजारात एवढा फरक पडतो. मग टाइप-२ मधुमेहात, जिथं शेकडो जनुकीय फरक प्रत्येकी चिमूटभर धोका वाढवतात, तिथं एका ओळीवर मुलगी नाकारायची?
उंचीचं बघा. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीतून उंचीशी जोडलेले १२ हजारांवर जनुकीय फरक सापडले. युरोपीय वंशाच्या लोकांत त्या फरकांवरून उंचीतल्या तफावतीचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग सांगता येतो, इतरांत त्याहून बराच कमी. म्हणजे हे आकडे आपल्याला लावायचे तर जपूनच.
स्पष्टवक्ती ताई, सासरच्या चौघांत जनुकं सारखी आहेत, तसा स्वयंपाकही एकाच चुलीवरचा आहे. दोन्ही वेगळे कसे काढणार?

स्पष्टवक्ती
चूल एकच होती, कबूल. पण आधी कळलं असतं तर मी लग्न मोडलं नसतं. पहिल्या दिवसापासून ताट बदललं असतं, दरवर्षी साखर तपासून घेतली असती. आज नवरा इन्सुलिनवर आहे. घरात काय आहे ते लपवू नका, माझं म्हणणं इतकंच.

रामबागचा मामा
थॅलेसेमियाबद्दल माझा शब्द मागे घेतो. भाचीची एचपीएलसी याच आठवड्यात करून घेतो, बायोडेटातही लिहू. तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, साठीनंतर मधुमेह झाला, हेही विचारण्याआधीच सांगू. तो धोक्याचा रिपोर्ट मात्र कुणाला दाखवणार नाही. कुणी साखरेचं विचारलं तर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा पुढे ठेवू.