रात्री जेट स्की चालवायला बंदी आहे का? हो की नाही एवढंच सांगा

सडेतोड_८८
नमस्कार मंडळी. बेळगावी जिल्ह्यात धरणाच्या पाण्यात अंधार पडल्यावर जेट स्की चालवायला कायद्याने बंदी आहे का? शोधलं की सगळं गोवा आणि मालवणचंच येतंय. कुणाला नक्की नियम माहीत असेल तर सांगा. रविवारच्या आत हवंय. "कशाला चालवायची" असलं प्रवचन नको. हो की नाही, एवढंच.

कुंदा_पाव_किलो
बेळगावी? पाव्हणं बाहेरचं दिसतंय. आम्ही बेळगावच म्हणतो. बाकी जेट स्कीतलं मला शून्य कळतं, पण धागा वाचतोय.

निपाणीकर_तात्या
धरण म्हणजे कुठलं? राकसकोप असेल तर विषयच संपला, ते शहराचं पिण्याचं पाणी. नविलुतीर्थ की हिडकल? प्रश्न विचारायचा तर नीट विचारावा.

सडेतोड_८८
हिडकल. बॅकवॉटर. आता सांगा.

निपाणीकर_तात्या
स्वतःची की भाड्याची? नोंदणी कुणाच्या नावावर? रात्र म्हणजे सात की बारा? आणि रविवारी काय आहे?

सडेतोड_८८
आतेभावाची. गोव्याहून सेकंडहँड आणलीय. वेळ साडेसात-आठ. रविवारचा नियमाशी काय संबंध?

खानापूर_रायडर
भावा, टेन्शन नको घेऊस. माझ्या बुलेटला लावलाय तसला एलईडी बार हँडलला लाव, १२ व्होल्टची वेगळी बॅटरी सीटखाली टाक. दिवसासारखं दिसतंय बघ. वायरिंगचा फोटो हवा तर सांग, टाकतो. लोक उगाच घाबरवतात.

टँपा_ते_टिळकवाडी
मी गेली बारा वर्षं फ्लोरिडात आहे. इथं नियम अगदी स्पष्ट आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत जेट स्की पाण्यात चालवायचीच नाही. दिवे लावलेत म्हटलं तरी नाही. भारतात असं काही असेल असं वाटत नाही, आपल्याकडे शिस्तच नाही.

कुंदा_पाव_किलो
हिडकल फ्लोरिडात कधी गेलं?

डेकवरचा_माणूस
अठरा वर्षं जहाजावर काढली, आता घरी असतो, म्हणून लिहितो.

आधी कायदा. नदी-धरणातल्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा होता, तो जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. इंजिनावर चालणाऱ्या जलयानाला सर्व्हे, म्हणजे सरकारी तपासणी, लागते, नोंदणी लागते, आणि दिवे कसे असावेत याचे नियमही त्याखाली येतात. त्यात "जेट स्की रात्री बंद" असं सरळ वाक्य शोधत बसू नका. तुमच्या गाडीचे कागद नसतील तर ती दुपारी बारा वाजताही नियमात बसत नाही, मग रात्रीचं काय विचारता? गोव्यात नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे होते. विकणाऱ्याकडून तो कागद घेतलाय का? आणि हिडकलचं पाणी पाटबंधाऱ्याचं, तेव्हा परवानगीसाठी तिकडेही जावं लागेल.

आता दिवे. रात्री पाण्यात असलेल्या छोट्या यांत्रिक बोटीला डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लागतो. समोरच्याला लाल दिसला की तुमची डावी बाजू त्याच्याकडे आहे, हिरवा दिसला की उजवी. म्हणजे दिवा तुम्हाला दिसावं म्हणून नसतो, तुम्ही कुठे चाललाय ते दुसऱ्याला कळावं म्हणून असतो. जेट स्की कारखान्यातून येते तेव्हा तिच्यावर यातलं काहीच नसतं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं की अंधारात चालवू नका.

रायडरसाहेब, तुमचा बुलेटवाला बार लावलात तर पुढे उडणारं पाणीच चमकेल आणि चालवणारा आंधळा होईल. धुक्यात घाटात हाय बीम मारून बघितलंय कधी?

खानापूर_रायडर
धुक्यात पिवळा लावायचा असतो, एवढं आम्हालाही कळतं काका. मग रात्री होड्या चालतातच की. आमच्याकडे मलप्रभेत बुट्टीतून, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतून, लोक या काठावरून त्या काठाला जातात, त्यांना कुठे लाल-हिरवं असतं? सगळी बंदी नव्या वस्तूलाच का?

डेकवरचा_माणूस
कारण बुट्टी माणसाच्या चालीनं जाते. जेट स्की तासाला साठच्या वेगात असेल तर सेकंदाला साडेसोळा मीटर पाणी कापते. समोर पन्नास मीटरवर काही दिसलं तर तुमच्याकडे तीन सेकंद. त्यातलं एक सेकंद "हे काय?" म्हणण्यात गेलं.

आणि जमिनीवरची सवय इथे घात करते. घाबरला की माणूस ॲक्सिलरेटर सोडतो. जेट स्कीला सुकाणूचं पातं नसतं, मागून फेकलेल्या पाण्यानंच ती वळते. ॲक्सिलरेटर सोडला की पाणी फेकणं थांबतं, हँडल कितीही फिरवा, ती सरळच जाते. म्हणजे जे चुकवायचं होतं त्याच्यावरच. नव्या काही मॉडेलांना ब्रेकसारखी सोय आलीय, सेकंडहँडचं मला माहीत नाही. मॉडेल कुठलं, किती सालचं? कुणी शिकवलंय का चालवायला? गोव्यात जलक्रीडेची सरकारी संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवायचा कोर्स असतो.

सडेतोड_८८
काका, माहिती छान आहे पण माझा प्रश्न तो नाही. एखाद्यानं "रात्री बंदी आहे" म्हटलं तर तो खरं बोलतोय का, एवढंच हवंय.

निपाणीकर_तात्या
कोण म्हटलं?

हिडकल_काठ
मी तिथलाच. ऊस आहे काठाला, म्हणून सांगतोय. थ्री फेज आमच्याकडं बऱ्याचदा रात्रीच येतंय. करंट आला की मोटार चालू करायला आम्ही पाण्यावर जातोय. उन्हाळ्यात पाणी मागं सरतंय तसा पाइप वाढवायचा, पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व गाळात रुतला तर गळ्याएवढ्या पाण्यात उतरून हातानं काढायचा. तोंडात बॅटरी, अंगात काळी बनियन. त्यात ही तुमची गाडी आली तर तुम्हाला आम्ही दिसणार नाही, आणि आम्हाला फक्त आवाज येणार. कुठल्या बाजूनं येतोय तेही कळत नाही, डोंगरावर आपटून आवाज दोन्हीकडनं येतोय.

पाणी उतरलं की जुन्या झाडांचे बुंधे पाण्याखाली एक-दीड फुटावर राहतात. दिवसा आम्हाला माहीत असतात. तुम्हाला दिवसाही नाहीत.

अन् जाळी. कोळी लोक दिवस मावळताना जाळं लावतात, पहाटे काढतात. वर तरंगायला थर्माकोलचे तुकडे नाहीतर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. रात्री ते कुणाच्या बापाला दिसत नाही.

कुंदा_पाव_किलो
विषयांतर, पण हिडकलचा कटला बेळगावात कुठे मिळतो? कॅम्पात मिळतो तो आंध्राचा बर्फातला असतो असं ऐकलंय.

जलपरी_शहापूर
मी मागच्या महिन्यात तारकर्लीला जेट स्की केली. मोबाईलसाठी वॉटरप्रूफ पाऊच आधीच घ्या, तिथे दुप्पट भाव सांगतात. आणि काळा गॉगल दोरीवाला घ्या, माझा गेला.

टँपा_ते_टिळकवाडी
रात्री गॉगल?

निपाणीकर_तात्या
सडेतोड, तुम्ही अजून सांगितलं नाही. कोण म्हटलं बंदी आहे म्हणून? आणि रविवारी काय? काहीतरी झालंय आधीच.

सडेतोड_८८
ठीक आहे. सांगतो, पण शिव्या नकोत.

गेल्या रविवारी आतेभाऊ आणि मी गेलो होतो. दिवसभर आणलेली माणसं फिरवली, पोरं फिरवली. शेवटची एक चक्कर म्हणून निघालो तेव्हा पश्चिमेला थोडं तांबडं होतं. परत फिरलो तेव्हा काठ दिसेना. काठावर आमच्या गाडीचे हेडलाइट लावून ठेवायला सांगितलं होतं, पण शेजारच्या शेतातही कुणाचे तरी दिवे होते. मधेच इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि जेट स्की जागेवर थांबली. तिच्या खालच्या, पाणी ओढायच्या जाळीतून मासे पकडायचं जाळं आत ओढलं गेलं होतं. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी मागं फेकणाऱ्या पंख्याच्या, दांड्याला नायलॉन इतका आवळून बसला होता की दुसऱ्या दिवशी ब्लेडनं कापून काढताना दोन तास लागले. आत एक मासापण निघाला.

आम्ही लाइफ जॅकेटवर तासभर तरंगत होतो. फोन काठावर. शेवटी ज्याचं जाळं होतं तोच बुट्टी घेऊन आला, आम्हाला ओढत आणलं. चहा दिला. मग म्हणाला, "रात्री इथं बंदी आहे, माझं जाळं भरून द्या." ९,००० सांगतोय. रविवारी यायला सांगितलंय. आतेभाऊ म्हणतो बंदी नसेल तर एक रुपया द्यायचा नाही. म्हणून विचारत होतो.

हिडकल_काठ
हे पहिल्या ओळीत लिहायचं की हो.

खानापूर_रायडर
९,००० जास्त आहेत भावा. ४,००० वर ये.

डेकवरचा_माणूस
बंदी असो नसो, दुसऱ्याची वस्तू तुम्ही तोडलीत. बंदी नाही म्हणून माझी गाडी कुणी ठोकली तर भरपाई माफ होते का? उलट "बंदी आहे का" हे चारचौघांत काढू नका. पोलिसांत गेलं तर पहिला प्रश्न तुमच्या कागदांचाच येईल. कागद आहेत का, हे मी दुसऱ्यांदा विचारतोय.

सडेतोड_८८
विक्रीची पावती आहे. बाकी आतेभाऊ बघतो म्हणाला.

डेकवरचा_माणूस
म्हणजे नाहीत.

टँपा_ते_टिळकवाडी
इथे असं झालं असतं तर विम्यानं भरलं असतं.

निपाणीकर_तात्या
अहो तुम्ही तिथंच राहा.

हिडकल_काठ
रायडर, भाव करायला तो काय शर्ट विकत बसलाय होय? नायलॉनचं जाळं किलोवर मिळतंय, ते खरं. पण नुसतं जाळं आणून पाण्यात टाकता येत नाही. वरची दोरी, खालच्या दोरीला शिशाचे गोळे, मग हातानं ओवणं. बायका-पोरं घरात बसून आठ-दहा दिवस ओवतात. तेवढे दिवस पाण्यात जाळं नाही म्हणजे मासा नाही. वर परवान्याचे पैसे भरलेले असतात ते वेगळेच.

सडेतोड, किती जाळं गेलं? सगळं का तुकडा? उरलेलं त्याला परत दिलं का? तुकडा गेला असंल तर तो जोडून घेतो, मग ९,००० जास्तच. सगळं गेलं असंल तर कमी सांगितलंय त्यानं.

सडेतोड_८८
कापलेलं आमच्याकडेच आहे, डिकीत गोणपाटात. वास सुटलाय. बहुतेक सगळंच गेलं असावं, बाटल्या मोजल्या तर बावीस भरल्या.

हिडकल_काठ
बावीस म्हणजे पुरं. ते घेऊनच जा, टाकू नका. शिसं अन् दोऱ्या त्याला परत कामाला येतात. तेवढे वजा करून बोला, ऐकंल. मराठी बोलतो ना तो? नसंल तर मी येतो, कन्नड माझं बरं आहे.

सडेतोड_८८
दोन्ही बोलतो. पण या तुम्ही. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. आतेभाऊ येत नाही म्हणतोय, जेट स्की विकायला ओएलएक्सवर टाकलीय त्यानं.

खानापूर_रायडर
किती सांगतोय?

कुंदा_पाव_किलो
रविवारी जाताय तर त्यालाच कटल्याचा भाव विचारा. दोन किलो माझ्यासाठी.