किशोर कादंबरीतल्या मुलीला कितवा आठवडा चालू आहे? (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

खाडीपल्याड
कुमारवयात दिवस गेलेल्या मुलीची कादंबरी कोकणात घडवायची, तर लेखकाने आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून हातात घ्यावं. २०२४ चा गणपती धरा, ७ सप्टेंबरचा. दहावीतली सोळा वर्षांची मुलगी, मुंबईहून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. तिची शेवटची पाळी १ सप्टेंबरची. डॉक्टर दिवस तिथून मोजतात, भेटीच्या रात्रीपासून मोजत नाहीत. म्हणजे पुढची पाळी चुकते तेव्हाच कागदावर चार आठवडे झालेले असतात. वीस आठवडे भरतात १९ जानेवारीला. चोवीस भरतात १६ फेब्रुवारीला, आणि दहावीचा पहिला पेपर २१ ला. बाळंतपणाची तारीख ८ जून: मृग लागलेला, होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद. एवढ्या तारखांत अख्खं कथानक आहे. आपले लेखक काय करतात? तिसऱ्या प्रकरणात ओकारी, नवव्यात विहीर. नाहीतर जिन्यावरून पाय घसरतो आणि प्रश्न आपोआप 'सुटतो'. परिणाम लिहायचे टाळण्याच्या या दोन पळवाटा.

शब्दवेल्हाळ
ही कादंबरी की तहसील कचेरीतला अर्ज? चौदा-पंधरा वर्षांची वाचक पुस्तक उघडते ती त्या मुलीच्या पोटातल्या भीतीसाठी. आठवडे मोजायला लागलात की मुलगी मागे पडते आणि केसपेपर पुढे येतो. गावातल्या मेडिकलमध्ये गर्भचाचणीचं किट मागायचा धीर होत नाही, एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहील. त्याला कलमं कशाला हवीत?

खाडीपल्याड
किटचंच घ्या. गावातला मेडिकलवाला वडलांच्या ओळखीचा, म्हणून ती चिपळूणला एसटीने जाणार. पाळी चुकायच्या आधीच घाईने तपासलं तर एकच रेघ येऊ शकते. मग ती खूश, आणि आठवडे फुकट. सकाळच्या पहिल्या लघवीवर, आठवड्याने पुन्हा तपासायचं असतं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. त्यात या वयात पाळी मुळातच मागेपुढे होते, म्हणून चुकली तरी शंका उशिरा येते. भीती याच तपशिलातून येते, वेगळी फोडणी लागत नाही.

काळा कोट
कायद्याबद्दल. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात, अठराच्या आत संमतीला अर्थ नाही. त्यातून गर्भ राहिला तर गुन्हा 'गंभीर' वर्गात जातो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा वीस वर्षं आहे. तुमच्या एकोणीस वर्षांच्या नायकाचं हेच भवितव्य. 'प्रेम होतं हो' म्हणून सुटका नाही. तो सतरा वर्षांचा असेल तर बाल न्याय मंडळापुढे, आणि तिथेही सोळाच्या वर असल्याने त्याला सज्ञान धरून खटला चालवायचा का, याची प्राथमिक तपासणी होते.
गर्भपाताचं वेगळं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीस दोघांचं. अल्पवयीन मुली त्या दुसऱ्या गटात बसतात. पालकाची लेखी संमती दोन्हीकडे हवी. चोवीसच्या पुढे प्रकरण वैद्यकीय मंडळ आणि उच्च न्यायालयाकडे जातं. तुमच्या कथेत ते मुंबई. कथा एक वर्ष पुढे सरकवलीत तर कोल्हापूर, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग उच्च न्यायालयाच्या तिथल्या सर्किट बेंचकडे आहेत.

रात्रपाळी
सगळं बरोबर, आणि म्हणूनच धोक्याचं. अल्पवयीन मुलगी गरोदर आहे हे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. हे छापलेलं वाचून मुलगी दवाखान्याची पायरी चढेल का? ती कोणाकडून तरी गर्भपाताच्या गोळ्या मागवेल. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असला तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटू शकते. दिवस जास्त झालेले असले तर अर्धवट पडू शकतं. तासाला दोन पॅड, असं सलग दोन तास भिजत असतील तर थेट रुग्णालय गाठायचं. पण ज्या घरात पाळीलाच 'कावळा शिवला' म्हणतात, तिथे ती हे कोणाला सांगणार? खरं लिहून तुम्ही तिला गोळ्यांकडे ढकलता.

काळा कोट
उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात आहे. मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. कादंबरीत धमकीवाला अर्धा भाग येतो आणि हा गळतो, तिथे खरी खोट आहे.

रात्रपाळी
मान्य. पण पालकाची संमती उरतेच. तुमचं सगळ्यात कठीण प्रकरण तिने आईला सांगायचं, आणि तिथे निकालपत्र मदतीला येत नाही.

तळकोकणी
'तिका मुंबैक मावशीकडे धाडल्यानी.' आमच्याकडे एवढ्या एका वाक्यात अशी गोष्ट संपते. मावशीच्या घरात पुढे काय झालं ते कोणीच लिहित नाही. मूल दत्तक द्यायचं तर बालकल्याण समितीपुढे जावं लागतं, आणि नंतर फेरविचाराला साठ दिवस मिळतात. ८ जूनपासून मोजा, नारळी पौर्णिमा येते. गाव समुद्राला नारळ वाहतंय आणि ही बोटांवर दिवस मोजतेय. शाळेचंही राहिलंच. शाळाच सुटली तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. ते कोणी सांगायचं, वर्गशिक्षकाने की त्याच मावशीने?

शब्दवेल्हाळ
नारळी पौर्णिमेची मोजणी मी घेतली. कलमं अजूनही नको. आणि एक खुपतं: एवढ्या चर्चेत मुलाला कलमाखेरीज काही मिळालेलं नाही. तो सप्टेंबरात रेल्वेने परत गेला, त्याला कळलं कधी? किशोर वाचकांत मुलगेही असतात.

खाडीपल्याड
माझ्या कॅलेंडरात तो रकाना नव्हता, खरंय. शिमगा मार्चात. तो पालखीला गावी येतो तेव्हा तिला अठ्ठाविसावा आठवडा. घराचं दार बंद, आणि गावात कोणी त्याच्याशी बोलत नाही.