मदत हवी आहे: शके १८१२ (की १८१३?) चं मोडी खरेदीखत, तारीख कशी पक्की करायची, आणि एक पीएचडीचा प्रश्न

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच धागा काढतेय. लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहिते.

मी पुण्यात असते. बीएस्सी ॲग्री इथल्याच कृषी महाविद्यालयातून झालं, मग नोकरी करता करता एलएलबी केलं आणि आता पीएचडीला नाव घातलंय. विषय आहे १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर जाऊन रोखे, खतं, वह्या जाळल्या, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं, मग सरकारने कमिशन नेमलं आणि चार वर्षांनी हा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, आणि कोर्टाला असा अधिकार मिळाला की नुसता कागद बघायचा नाही, मूळ रक्कम किती दिली, व्याज कसं चढवलं, हा सगळा इतिहास उकरून काढायचा.

आता माझी अडचण. आमचं गाव सुप्याच्या बाजूचं. माझी आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांनी बैलासाठी शंभर रुपये काढले आणि त्यात नदीकडचं रान गेलं. 'गेलं' म्हणजे विकलं का गहाण पडलं, तर ती ठामपणे म्हणायची, गहाणच होतं, कागदावर खरेदी लिहून घेतली, पैसे फेडले की परत देतो असा तोंडी शब्द होता. गेल्या दिवाळीत जुनी ट्रंक उघडली तर घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन कागद मिळाले. दोन्ही मोडी.

पहिला लहान आहे, कर्जरोखा. तो एका ओळखीच्या काकांनी वाचून दिला. शके १८०६, रुपये १००, व्याज दरमहा दर शेकडा २ रुपये. दुसरा मोठा, स्टँप पेपरवर, वर राणीचा शिक्का. तो खरेदीखत आहे एवढं कळलं, क्षेत्र ३ एकर १७ गुंठे, रक्कम २९५ रुपये १३ आणे. पण शकाचा शेवटचा आकडा नेमका घडीवर आलाय, शाई उडालीय, २ आहे का ३ ते काही केल्या कळत नाही. इंग्रजी तारखेचा कोपरा तर वाळवीने खाल्लाय.

आणि खाली, जिथे सही असायला हवी तिथे, एक इवलासा नांगर काढलाय. दोन रेघांचा हाळिस, खाली फाळ, वर रुमणं. शेजारी लेखकाने लिहिलंय 'निशाणी नांगराची'. माझ्या पणजोबांचा हात. मी तो कागद खिडकीपाशी धरून किती वेळ बघत बसले ते मलाच माहीत.

प्रश्न तीन.

तारीख कशी पक्की करायची? वर्षाशिवाय दुय्यम निबंधक कार्यालयात जुनं बुक काढून मिळत नाही, मी जाऊन आले.

हे खरेदीखत खरं तर गहाण होतं हे आज कशावरून दाखवता येईल? आजीच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण प्रबंधात 'आजी म्हणायची' एवढ्यावर भागत नाही.

तिसरा जरा वेगळा. समितीपुढे विषय मांडला तर कायद्याचे सर म्हणाले हा इतिहास आहे, इतिहासाचे म्हणाले शेतीचं अर्थशास्त्र आहे, आणि शेतीवाल्यांनी विचारलं यात प्रयोग कुठेय. दोनदा परत आलाय प्रस्ताव. असा दोन-तीन खात्यांत विभागलेला विषय कोणी पार पाडलाय का? काय केलंत?

जमीन परत मागायची नाहीये, आधीच सांगते. आज ज्यांच्याकडे आहे ते भले लोक आहेत, आमचं जाणंयेणं आहे.

बोरू_आणि_शाई

ताई, नांगराचं वाचून बरं वाटलं, असे कागद लोक रद्दीत घालतात. मी मोडी वाचतो, शिकवतोही.

तारखेचं सोपं आहे. शकाच्या आकड्यापुढे संवत्सराचं नाव असणार. शके १८१२ म्हणजे विकृती संवत्सर, १८१३ म्हणजे खर. दोन नावांत गल्लत होणं शक्यच नाही, 'विकृतीनाम संवत्सरे' लांबलचक येतं आणि 'खरनाम' दोन अक्षरांत संपतं. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी अख्खी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, त्यामुळे शब्द कुठे सुरू झाला ते नवख्याला कळत नाही. 'शके' सापडलं की आकड्यानंतर रेघेखाली किती अक्षरं आहेत ती मोजा, बाकी वाचता नाही आलं तरी चालेल. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण पौष-माघ-फाल्गुनातला कागद असेल तर बहुधा ७९ धरावे लागतात, कारण जानेवारी लागलेला असतो. हे विसरून पुष्कळ जण एक वर्ष चुकतात.

अजून एक, कागद उलटा करा. पाठीमागे स्टँप वेंडरची नोंद असते, कोणाला विकला, कुठल्या तारखेला. तिथेच नोंदणीचा शेरा असतो, बुक नंबर, अनुक्रमांक, पानं. पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त बोलते. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. सपाट ठेवा, मधे साधा बिनआम्लाचा कागद घाला, फोटो तिरप्या उजेडात काढा, उडालेल्या शाईचा ओरखडा त्यात दिसतो.

शिवाजीनगर_वकील

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमच्या आजी म्हणतात तो प्रकार इतका सर्रास होता की त्यासाठी कायदा बदलावा लागला. झालं असं, १८७९ च्या कायद्याने रोख्याच्या आणि गहाणाच्या मागे जाऊन हिशेब तपासायची सोय केली, म्हणून सावकारांनी गहाण लिहून घेणंच कमी केलं आणि सरळ खरेदीखत घ्यायला लागले, परत देण्याचा शब्द तोंडी. आता शेतकरी कोर्टात गेला आणि म्हणाला साहेब हे गहाण होतं, तर समोर १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ९२ उभं, लेखी कागदाच्या विरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या ॲक्टमध्ये कलम १०-अ घातलं, की शेतकऱ्याच्या बाबतीत खरेदीखतामागचा खरा व्यवहार काय होता हे तोंडी पुराव्यानेही बघता येईल. तुमचा कागद त्याच्या आधीचा आहे. म्हणजे ज्या फटीतून ही जमीन गेली ती फट तेव्हा उघडी होती, आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा हाच आहे.

दाखवायचं कसं तर ताबा बघा. खोटं खरेदीखत असेल तर विकणारा त्याच रानात कूळ म्हणून राबत राहतो, खंड भरतो, तो खंड म्हणजे व्याजच. एखादी कबुलायत (कुळाने लिहून दिलेला करार), भाडेचिठ्ठी मिळते का बघा. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झाली, त्यातले पहिले फेरफार काढा, कुळाच्या रकान्यात तुमच्या घरातलं नाव आलं तर फार मोठी गोष्ट. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, त्याआधी 'आपले अभिलेख' पोर्टलवर गाव टाकून बघा, काही तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन चढलेत. इंडियन लॉ रिपोर्ट्सची बॉम्बे सिरीज (हायकोर्टाच्या निकालांचे खंड) १८७६ पासून आहे, तीही चाळा.

हिशेबी_माणूस

मी इतिहासातला नाही, बँकेतून रिटायर झालोय, पण ती रक्कम वाचून राहवलं नाही म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. २९५ रुपये १३ आणे हा जमिनीचा भाव नव्हे हो. जमीन कोणी तीनशेला घेईल, दोनशे नव्वदला घेईल, १३ आण्याला कोण सौदा करतो?

मूळ १००, दरमहा शेकडा २, म्हणजे वर्षाला २४. तीन वर्षांचं सरळ व्याज ७२. तीन वर्षांनी खत नवं केलं आणि व्याज मुद्दलात धरलं तर मुद्दल झालं १७२. त्यावर पुन्हा तीन वर्षं त्याच दराने, १२३ रुपये ८४ पैसे. बेरीज २९५.८४. आताचे ८४ पैसे म्हणजे आण्यांत १३ आणे आणि वर पाच पै.

ताई, तुमच्या खरेदीखताची किंमत म्हणजे त्या शंभर रुपयांच्या रोख्याचा सहा वर्षांचा हिशेब आहे, पै सोडून दिल्यात फक्त. आणि १८०६ मध्ये सहा मिळवले की १८१२.

शिवाजीनगर_वकील

हिशेबी काका, नमस्कार तुम्हाला. यात अजून एक बघा. दामदुपटीच्या नियमाने शंभराच्या मुद्दलावर एका वेळी शंभराहून जास्त व्याज मागता येत नाही, म्हणजे फार तर दोनशे. पण मधे खत नवं केलं की व्याज मुद्दलात मुरतं आणि नियम बाजूला पडतो. तीन वर्षांची सवय १८५९ च्या मुदतीच्या कायद्यातून आलेली. रोख्यावर तीन वर्षांत दावा लावायचा नाहीतर तो बुडाला, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवं लिहून घ्यायचे. १८७९ च्या ॲक्टने शेतकऱ्यावरच्या दाव्याची मुदत वाढवली होती खरं तर, तरी इथे सवय चालूच राहिलेली दिसते. ताई, हा एक मुद्दा स्वतंत्र प्रकरणाचा आहे. फक्त मधलं १७२ चं खत हातात नाही, तेव्हा 'जुळतं' असं लिहा, 'सिद्ध होतं' असं नको.

वाचनकक्ष

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तिथे मीही ठेच खाल्लीय. माझा विषय धरणाचं इंजिनिअरिंग आणि विस्थापितांच्या शाळा यांच्यामधला होता, चार वर्षं याच्या दारातून त्याच्या दारात.

समितीला तत्त्व सांगत बसू नका, दाखला द्या. तुम्ही कृषी महाविद्यालयाच्या आहात ना, मग तुमच्याच कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आठवा. मूळचा शेती-रसायनशास्त्रातला माणूस, पण त्याने पिंपळे सौदागर गाव घेतलं, माती तपासली, विहिरी बघितल्या, आणि त्याच अभ्यासात जमिनीचे तुकडे आणि कर्जंही मोजली. १९१७ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. १७७१ मध्ये सरासरी धारण ४० एकर होती ती १९१४-१५ ला ७ एकरांवर आली हा आकडा आजही अर्थशास्त्राच्या पुस्तकांत देतात, आणि तो आलाय एका शेतीतज्ज्ञाकडून. आज तिथे टॉवर उभे आहेत, पण तो अभ्यास कुठल्या खात्याचा हे ठरवत बसले असते तर झालाच नसता. 'प्रयोग कुठेय' विचारतील त्यांना सांगा, एका गावातली दहा-वीस वर्षांची सगळी नोंदलेली खतं काढायची, रक्कम, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) आणि नंतरचा ताबा असं कोष्टक करायचं आणि किती खरेदीखतांच्या किमती व्याजाच्या हिशेबात बसतात ते बघायचं. काकांनी केलं तेच, फक्त शेकड्याने. पद्धत नीट लिहिली की विषय कोणाचा हा वाद मिटतो, निदान माझा तरी तसाच मिटला. एक मुख्य मार्गदर्शक कायद्याचा आणि सहमार्गदर्शक कृषी अर्थशास्त्राचा असा अर्ज करा, नियमात बसतं.

दंग्याच्या कमिशनचा १८७८ चा रिपोर्ट परिशिष्टांसकट बघा. जुन्या सरकारी रिपोर्टांसाठी गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय. आणि न्यायमूर्ती रानडे पुण्यात याच ॲक्टखाली स्पेशल जज होते, खालच्या कोर्टांचं काम तपासायचे, तो धागा सोडू नका.

कऱ्हाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला दोन दिवस लागले, माफ करा. काकांचा हिशेब मी भावाला फोनवर वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोललाच नाही.

बोरूदादा, तुम्ही सांगितलंत तसं अक्षरं मोजली. लांब आहे. 'वि' मलासुद्धा ओळखू आला. मग कागद पालथा केला, इतके दिवस मी ती बाजू बघितलीच नव्हती कारण तिला घोंगडीचे केस चिकटलेले होते. मऊ ब्रशने हळूहळू काढले. स्टँप वेंडरची नोंद आहे, १८९० स्वच्छ वाचता येतं, आणि खाली बुक नंबर १ आणि अनुक्रमांक. पानाचा आकडा अर्धा गेलाय पण अनुक्रमांकावरून मिळेल बहुतेक.

वकीलसाहेब, 'जुळतं' असंच लिहीन. पोर्टलवर आमचं गाव सापडलं, पण फेरफार अलीकडचेच आहेत, जुन्यासाठी तहसीलला अर्ज टाकलाय. वाचनकक्षताई, तुमच्या कोष्टकाच्या कल्पनेवर प्रस्ताव नव्याने लिहायला घेतलाय, एकच गाव, १८८० ते १९१०. तुम्हाला चालणार असेल तर मसुदा पाठवते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

बोरूदादा, एकच राहिलं. साक्षीदारांच्या नावांत खाली अजून एक निशाणी आहे, गोल, आत काही नाही, फक्त वर्तुळ. शेजारचं लिहिलेलं मला लागत नाही. बांगडी असेल का? बायकांची निशाणी बांगडीची असायची असं ऐकलंय. आजीची सासू असेल तर तिचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. फोटो तिरप्या उजेडात काढून टाकतेय, जरा बघाल का?

बोरू_आणि_शाई

बांगडीच आहे. शेजारी दोन ओळी आहेत, पहिलीतलं नाव मला 'सगुणा' वाटतंय, पण 'स' च्या जागी डाग आहे. जरा मोठा फोटो पाठवा, रात्री बसून वाचतो.